विश्लेषण : 'सिमिली' की 'मेटाफर'? बारावीच्या इंग्रजीत नुसते नाव लिहून का भागत नाही?

बारावीच्या परीक्षेची सुरुवात इंग्रजीच्या पेपरने होते. लातूर आणि नांदेडमध्ये मात्र अभ्यासाच्या यादीत इंग्रजीचा नंबर बहुतेक वेळा शेवटचा असतो. वर्षभर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या तुकड्या, सराव चाचण्या आणि 'डाउट सेशन' यांत दिवस जातो. परीक्षा तोंडावर आली की अलंकारांच्या यादीची झेरॉक्स हातात येते : सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन… प्रत्येकापुढे एक ओळीची व्याख्या. ती पाठ होते आणि तरीही गुण जातात. ते का जातात, कथेतला 'संघर्ष' आणि 'साहित्यप्रकार' ओळखायचा म्हणजे काय आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला यातले किती आधीपासूनच येत असते, याचा हा आढावा.

या भागाला किती गुण आहेत?

राज्य मंडळाच्या बारावी इंग्रजीची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची असते. उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ८० पैकी ३४ गुण गद्याला, १४ कवितेला, १६ लेखनकौशल्याला आणि १६ कादंबरी विभागाला आहेत. २०२०-२१ पासून लागू झालेल्या 'युवकभारती'त कादंबरीचा इतिहास हा एक पाठ आहे. त्याशिवाय ई. आर. ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह', ज्यूल व्हर्न यांची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि आर्थर कॉनन डॉयल यांची 'द साइन ऑफ फोर' या तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत. अकरावीला याच जागी नाटक असते.

कवितेच्या प्रश्नात अलंकार ओळखून स्पष्ट करण्याला २ गुण असतात, तर रसग्रहणाला ४. रसग्रहणात कवितेचा विषय, प्रकार, भाषा, अलंकार आणि आशय यांवर लिहायचे असते, म्हणजे अलंकार तिथेही येतातच. कादंबरीच्या १६ गुणांत पात्रे, कथानक, पार्श्वभूमी आणि विषयसूत्र यांवरचे प्रश्न येतात. कथेतला संघर्ष न कळता यांची उत्तरे लिहिली, तर बहुतेकदा कथेचा सारांश तेवढा कागदावर उतरतो. एकूण पाहिले तर वीस-बावीस गुण या एका कौशल्यावर उभे आहेत.

'नीट' देणाऱ्यांनी याची काळजी का करावी?

वैद्यकीय प्रवेशाची गुणवत्ता यादी 'नीट'च्या गुणांवर लागते आणि बारावीच्या इंग्रजीचे गुण त्यात धरले जात नाहीत. म्हणूनच अनेक घरांत इंग्रजीला 'नुसता पास होण्याचा विषय' म्हटले जाते. पण पात्रतेच्या नियमात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला इंग्रजीही स्वतंत्रपणे उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. इंग्रजी राहिले तर 'नीट'चा चांगला गुणांकही त्या वर्षी उपयोगाचा नाही.

दुसरे कारण त्याहून लांब पल्ल्याचे आहे. अहमदपूर, देगलूर, किनवट किंवा मुखेडच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला बसते, तेव्हा जाडजूड पुस्तके इंग्रजीतच असतात. वाक्य वाचून त्यात काय म्हटले आहे आणि ते कशावरून, हे सांगता येणे तिथे रोजचे काम होते. अलंकाराचा दोन गुणांचा प्रश्न नेमकी हीच सवय तपासतो.

यादी पाठ असूनही गुण का जातात?

प्रश्नात अलंकाराचे नाव आणि स्पष्टीकरण अशी दोन्हींची मागणी असते. पुष्कळ उत्तरांत नाव बरोबर असते आणि पुढे पाठ केलेली व्याख्या असते. व्याख्या कोणत्याही कवितेला लागू पडते. परीक्षकाला मात्र त्याच ओळीबद्दल ऐकायचे असते.

एक साधे वाक्य घेऊ : 'द क्लासरूम वॉज ॲज सायलेंट ॲज अ टेम्पल.' इथे 'सिमिली' आहे, कारण 'लाइक' किंवा 'ॲज' वापरून तुलना केली आहे, एवढे लिहिले तर उत्तर अर्धवट राहते. पूर्ण उत्तरात तीन गोष्टी हव्यात. कशाची तुलना (वर्ग), कशाशी (देऊळ) आणि कोणत्या समान गुणामुळे (शांतता). हेच वाक्य 'द क्लासरूम वॉज अ टेम्पल' असे झाले तर तुलनेचा शब्द गेला, वर्ग आणि देऊळ एकच मानले गेले. तो 'मेटाफर'. आता समान गुण वाक्यात सांगितलेला नाही. शांतता की पावित्र्य, हे मागच्या-पुढच्या ओळींवरून विद्यार्थ्याने शोधायचे. म्हणून 'मेटाफर'चे स्पष्टीकरण 'सिमिली'पेक्षा एक पाऊल अवघड असते.

यादीवर विसंबणाऱ्यांना तीन सापळे हमखास अडवतात.

पहिला : 'ॲज' किंवा 'लाइक' दिसले की 'सिमिली' लिहून मोकळे होणे. 'शी वर्क्स ॲज अ नर्स' यात तुलना नाही, ती परिचारिका म्हणून काम करते एवढेच सांगितले आहे. 'लातूर इज ॲज हॉट ॲज नांदेड' यात तुलना आहे, पण अलंकार नाही, कारण दोन शहरांच्या तापमानाची ती सरळ बरोबरी आहे. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका गुणासाठी जवळ आणल्या, तरच 'सिमिली' होते. लातूरच्या दुपारला भट्टी म्हटले तर गोष्ट वेगळी.

दुसरा : 'ॲलिटरेशन' डोळ्यांनी शोधणे. हा अलंकार आवाजाचा आहे. 'सिटी' आणि 'कॅट' ही दोन्ही नावे इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण आवाज वेगळे आहेत. 'फोन' आणि 'फॅन' यांची पहिली अक्षरे वेगळी, आवाज मात्र एकच. शंका आली तर ओळ देवनागरीत लिहून पाहावी, उत्तर लगेच समोर येते.

तिसरा : 'इन्व्हर्जन'. वाक्यातल्या शब्दांचा नेहमीचा क्रम उलटणे म्हणजे 'इन्व्हर्जन'. हा अलंकार मराठी विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज सुटतो आणि त्याचे कारण मराठीतच आहे. 'पाऊस आला', 'आला पाऊस', 'आला बघ पाऊस', यातले काहीच आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम बराच पक्का असतो आणि तो मोडला की तिथल्या वाचकाचे लक्ष वेधले जाते. कवितेतली ओळ आधी साध्या गद्य क्रमात लिहून पाहिली की कोणता शब्द पुढे ओढला आहे ते दिसते. तो शब्द का पुढे आणला, जोर देण्यासाठी की यमक जुळवण्यासाठी, हे लिहिले की स्पष्टीकरण पूर्ण झाले.

मराठीच्या व्याकरणाचा उपयोग होतो का?

खूप होतो. शाळेत शिकलेले अलंकार इंग्रजीच्या तासाला आठवत नाहीत, कारण दोन्ही विषयांच्या वह्या वेगळ्या असतात. थेट जोड्या अशा लागतात : 'सिमिली' म्हणजे उपमा, 'मेटाफर' म्हणजे रूपक, 'पर्सॉनिफिकेशन' म्हणजे चेतनगुणोक्ती, 'हायपरबोल' म्हणजे अतिशयोक्ती, 'पन' म्हणजे श्लेष, 'ॲलिटरेशन' म्हणजे अनुप्रासाचा एक प्रकार, 'पॅराडॉक्स' म्हणजे विरोधाभास. 'उन्हाळाभर मांजरा तहानलेली होती' हे वाक्य वाचून त्यात चेतनगुणोक्ती सापडणाऱ्या मुलाला 'पर्सॉनिफिकेशन' नव्याने शिकवावे लागत नाही. नदी निर्जीव, तहान सजीवाची, एवढे लिहिले की झाले.

काही जोड्या मात्र अर्ध्याच जुळतात. मराठीत 'जणू', 'गमे', 'वाटे', 'भासे' आले की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीच्या यादीत उत्प्रेक्षेला वेगळे घर नाही. 'ॲज इफ' किंवा 'ॲज दो' वापरून केलेली अशी कल्पना तिथे सहसा 'सिमिली'तच जाते. मराठीत अनुप्रास ओळीत कुठेही पुन्हा येणाऱ्या अक्षराचा असू शकतो. 'ॲलिटरेशन'मध्ये भर शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनावर असतो.

काही इंग्रजी अलंकारांची जोडी अलंकारांच्या धड्यात नाही, शब्दशक्तीच्या धड्यात आहे. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे लक्षणेचे उदाहरण अनेकांना पाठ असते. बांगडी म्हटले, अर्थ विधवा झालेल्या स्त्रियांचा आणि त्यामागे पडलेल्या सैनिकांचा. वस्तूचे नाव घेऊन तिच्याशी जोडलेल्या माणसाबद्दल बोलणे, हेच इंग्रजीत 'मेटॉनिमी' होते. 'यंदा लातूरने निकाल गाजवला' हेही तेच. परीक्षा शहराने दिलेली नसते, तिथल्या मुलांनी दिलेली असते.

'ट्रान्स्फर्ड एपिथेट' नावाने घाबरवतो, पण बोलण्यात रोज असतो. 'स्लीपलेस नाइट' म्हणताना झोप रात्रीला लागलेली नसते असे नाही, ती माणसाला लागलेली नसते. विशेषण माणसाचे, चिकटले रात्रीला. 'थकलेली पावले' असेच. 'अपॉस्ट्रफी' म्हणजे समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून बोलणे. जात्याशी, पावसाशी, विठ्ठलाशी बोलणाऱ्या ओव्या ऐकत वाढलेल्या मुलांना तो परका नाही. आणि 'ओनोमॅटोपिया' म्हणजे आवाजाची नक्कल करणारे शब्द : खळखळ, टपटप, कडकडाट. मराठीत असे शब्द इतके आहेत की इंग्रजीची यादी त्यापुढे तोकडी वाटावी.

'आयरनी' सर्वांत जास्त का चुकते?

कारण ती एका शब्दात दिसत नाही, पूर्ण प्रसंग वाचावा लागतो. आयरनीचे तीन प्रकार सांगितले जातात. बोलायचे एक आणि अर्थ उलटा, ही शाब्दिक आयरनी. नापास झालेल्याला 'वा, दिवे लावलेस' म्हणणे हे तिचे घरगुती उदाहरण. अपेक्षा एक आणि घडते भलतेच, ही प्रसंगाची आयरनी. 'करायला गेलो गणपती अन् झाला मारुती' या म्हणीच्या जवळची. आणि वाचकाला ठाऊक आहे पण पात्राला नाही, ही नाट्यात्म आयरनी.

बारावीच्या पुस्तकातली ओ. हेन्री यांची 'द कॉप अँड द अँथम' ही कथा दुसऱ्या प्रकाराचे चोख उदाहरण आहे. न्यूयॉर्कचा बेघर सोपी थंडीचे तीन महिने तुरुंगाच्या उबेत काढण्यासाठी अटक व्हावी म्हणून एकामागून एक उद्योग करतो, पण पोलीस त्याला पकडतच नाहीत. चर्चमधले संगीत ऐकून तो सुधारायचे ठरवतो आणि नेमका तेव्हा त्याला अटक होते.

आर. के. नारायण यांची 'ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे' अधिक गुंतागुंतीची आहे. ज्योतिषाकडे आलेला गिऱ्हाईक हा त्यानेच वर्षांपूर्वी भोसकून विहिरीत ढकललेला माणूस निघतो. ज्योतिषी त्याला ओळखतो आणि 'तुझा शत्रू मेला' असे सांगून परत पाठवतो. गिऱ्हाईक ज्याला शोधत आहे, तोच त्याच्यासमोर बसलेला आहे. पहिल्या वाचनात हे वाचकालाही शेवटीच कळते, म्हणून तो धक्का ठरतो. दुसऱ्यांदा वाचताना वाचकाला सगळे आधीच माहीत असते आणि तोच संवाद नाट्यात्म आयरनीने भरलेला दिसतो. उत्तरात एवढा फरक दोन वाक्यांत लिहिला, तरी विद्यार्थ्याने कथा स्वतः वाचली आहे हे दिसते.

'संघर्ष' किती प्रकारचा?

कथा पुढे सरकते ती कुणाला तरी काही तरी हवे असते आणि वाटेत काही तरी आडवे येते म्हणून. जे आडवे येते त्यावरून संघर्षाचे प्रकार ठरतात : माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध नियती आणि माणूस विरुद्ध स्वतः. पहिले चार बाहेरचे, शेवटचा आतला. आधुनिक साहित्याच्या चर्चेत माणूस विरुद्ध यंत्र हाही प्रकार धरला जातो.

इथे नेहमीची चूक म्हणजे एका कथेला एकच शिक्का मारणे. लातूरकरांना माहीत असलेली घटना घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन 'जलदूत' रेल्वे लातूरला आली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे टाळण्यासाठी जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. या उन्हाळ्यावर कथा लिहायची ठरवली, तर संघर्ष कोणता? कोरडे धरण आणि न बरसलेले आभाळ यांभोवती कथा फिरली, तर माणूस विरुद्ध निसर्ग. टँकर कोणत्या गल्लीत आधी गेला आणि कोणत्या गल्लीत गेलाच नाही, यावर फिरली तर माणूस विरुद्ध समाज. रांगेतल्या दोन शेजाऱ्यांच्या भांडणावर फिरली तर माणूस विरुद्ध माणूस. आणि शेवटची घागर म्हाताऱ्या शेजारणीला द्यावी की लेकरांसाठी ठेवावी, या विचारात अडकलेल्या बाईची कथा असेल, तर तो आतला संघर्ष. घटना एकच. संघर्ष ठरतो तो लेखकाने कॅमेरा कुठे ठेवला यावर.

हीच पद्धत पाठ्यपुस्तकाला लावता येते. व्हर्जिनिया वूल्फ यांच्या 'द न्यू ड्रेस'मध्ये पार्टीत मेबलला कुणी फारसे काही करत नाही. तिचा पिवळा पोशाख आणि त्यामुळे लोक आपल्याला हसत आहेत ही तिची भावना, एवढ्यावर कथा चालते. म्हणून मुख्य संघर्ष आतला, पण त्याची मुळे वर्गभेदात, म्हणजे समाजात. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये फिलिअस फॉग वेळेशी आणि वाटेतल्या अडचणींशी झगडतो. त्याच वेळी त्याला बँक लुटारू समजून डिटेक्टिव्ह फिक्स पाठलागावर असतो. भारतात रेल्वेमार्ग अपुरा निघाल्यावर फॉग हत्ती विकत घेतो, तो प्रसंग पहिल्या संघर्षाचा. 'टू सर, विथ लव्ह'मध्ये लंडनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षकापुढे उनाड वर्ग आहे, म्हणजे माणूस विरुद्ध माणूस. त्यामागे वर्णभेद आहे, म्हणजे माणूस विरुद्ध समाज.

रॉबर्ट साउदी यांची 'द इंचकेप रॉक' ही कविता या बाबतीत चांगला सराव देते. जहाजांना सावध करण्यासाठी मठाधिपतीने खडकावर बांधलेली घंटा सर राल्फ हा चाचा मत्सराने कापून टाकतो आणि पुढे धुक्यात त्याचेच जहाज त्या खडकावर आदळते. वरवर हा समुद्राशी संघर्ष. पण समुद्राने त्याला बुडवले की त्याच्या स्वतःच्या कृत्याने, हा प्रश्न विचारला की रसग्रहणाचा मुख्य मुद्दा हाती लागतो. हा खडक काल्पनिक नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या या 'बेल रॉक'वर १८११ पासून दीपगृह उभे आहे.

साहित्यप्रकार ओळखायचा म्हणजे काय?

'जॉन्र' या शब्दाचा उच्चारच अनेकांना अडवतो, अर्थ मात्र सोपा आहे. वाचकाला आधीच काय अपेक्षित आहे, ते प्रकार सांगतो. डिटेक्टिव्ह कादंबरी उघडणाऱ्याला गुन्हा, पुरावे आणि शेवटी उलगडा हवा असतो. १८९० सालची 'द साइन ऑफ फोर' तेच देते : हरवलेले वडील, आग्र्याचा खजिना आणि एकेका खुणेवरून निष्कर्ष काढणारा शेरलॉक होम्स. 'टू सर, विथ लव्ह' ही १९५९ सालची आत्मचरित्रात्मक कादंबरी, कारण ती लेखकाच्या शिक्षकी अनुभवावर उभी आहे. 'अराउंड द वर्ल्ड' ही साहसकथा.

कवितेत आधी रचना पाहावी. कथा सांगणारी, घटना पुढे नेणारी कविता असेल तर कथाकाव्य किंवा 'बॅलड' ('द इंचकेप रॉक'). एका व्यक्तीची भावना असेल तर 'लिरिक', म्हणजे भावकविता. यमक आणि ठरलेली मात्रा नसेल तर 'फ्री व्हर्स', म्हणजे मुक्तछंद (वॉल्ट व्हिटमन यांची 'साँग ऑफ द ओपन रोड'). दिलीप चित्रे यांच्या 'फादर रिटर्निंग होम'मध्येही यमकाचा आधार नाही. मुंबईच्या लोकलने उशिरा घरी येणाऱ्या, घरातही एकटा असलेल्या बापाचे ते चित्र आहे. त्याला यमकाची चाल शोभली असती का, असा प्रश्न स्वतःला विचारला की रचना आणि आशय यांचा संबंध लिहिता येतो.

कादंबरीच्या इतिहासातले प्रकार मराठी जोडीने लक्षात राहतात. सॅम्युअल रिचर्डसन यांची १७४० सालची 'पामेला' पत्रांतून सांगितलेली, म्हणून 'एपिस्टोलरी'. मेरी शेली यांची १८१८ सालची 'फ्रँकेन्स्टाइन' 'गॉथिक', म्हणजे भय आणि गूढाची. मराठीत बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आली आणि ती पहिली मराठी कादंबरी मानली जाते. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, पहिली ऐतिहासिक. भारतीय लेखकाची पहिली इंग्रजी कादंबरी म्हणून बंकिमचंद्रांच्या १८६४ सालच्या 'राजमोहन्स वाइफ'चे नाव घेतले जाते.

आपल्या भागातले काही उदाहरण?

लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही १९७१ सालची कादंबरी सरावासाठी उत्तम आहे. गावातल्या शिंप्याच्या कुटुंबाची ही कथा त्याच्या पत्नीच्या तोंडून, मराठवाडी बोलीत सांगितली आहे. 'पॉइंट ऑफ व्ह्यू' म्हणजे काय, हे समजायला यापेक्षा सोपे पुस्तक शोधावे लागणार नाही. प्रकार : ग्रामीण कादंबरी. निवेदन : प्रथमपुरुषी. संघर्ष : कुटुंब विरुद्ध गावातली सत्ता. 'पाचोळा' हे शीर्षकही रूपकच. मराठीत हे एकदा नीट ओळखता आले, की इंग्रजीत बदलतात ते फक्त शब्द.

कवितेतही जवळचा दुवा आहे. 'इंडियन वीव्हर्स' लिहिणाऱ्या सरोजिनी नायडू यांचा जन्म १८७९ मध्ये हैदराबादचा. तेव्हा नांदेड आणि लातूर हा मुलूखही निजामाच्या त्याच राज्यात होता. पहाटे, संध्याकाळी आणि चांदण्या रात्री विणली जाणारी तीन वस्त्रे हे जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे प्रतीक आहेत. रंगांची पक्ष्यांशी तुलना ही 'सिमिली', दिवसाच्या तीन प्रहरांतून आयुष्य दाखवणे हा 'सिम्बॉलिझम'. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लिहिणे महत्त्वाचे.

'लातूर पॅटर्न' इंग्रजीला चालेल का?

हा पॅटर्न घडवणाऱ्यांत राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. ते इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे आज फार जणांना आठवत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकांपर्यंत नेणारे ते महत्त्वाचे अभ्यासक. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. विज्ञानाच्या निकालासाठी नावाजलेल्या पॅटर्नमागे साहित्याचा माणूस होता.

या पॅटर्नचे बळ पाठांतरापेक्षा सरावात होते : जादा तास, पुन्हा पुन्हा चाचणी, उत्तर तपासून चूक दाखवणे आणि तीच चाचणी परत देणे. भौतिकशास्त्राचे उदाहरण कुणी नुसते वाचून सोडत नाही, सोडवून पाहतो. अलंकाराचे उत्तर मात्र वाचून 'झाले' म्हटले जाते. इंग्रजीला वेगळा वेळ कमी मिळत असेल, तरी ही एक सवय तिथून उचलता येते.

शेवटच्या आठ दिवसांत काय करावे?

- पहिले दोन दिवस : पुस्तकातल्या आठही कविता मोठ्याने वाचाव्यात. प्रत्येक कवितेतले दोन अलंकार शोधून 'काय, कशाशी, का' या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन वाक्यांत लिहावीत.
- तिसरा दिवस : मराठी-इंग्रजी अलंकारांच्या जोड्या एका पानावर स्वतःच्या हाताने लिहाव्यात. अर्ध्याच जुळणाऱ्या जोड्यांवर खूण करावी.
- चौथा आणि पाचवा दिवस : प्रत्येक गद्य कथा आणि कादंबरीच्या उताऱ्यासाठी 'कुणाला काय हवे आहे, आडवे काय येते, शेवटी काय बदलते' या तीन ओळी. संघर्षाचा प्रकार यातूनच निघतो.
- सहावा दिवस : दोन रसग्रहणे वेळ लावून. त्यात अलंकाराचे नाव आले की लगेच पुढच्या वाक्यात त्याचा परिणाम आलाच पाहिजे, हा नियम.
- सातवा दिवस : वह्या मित्र-मैत्रिणीशी बदलून तपासाव्यात. ज्या उत्तरातली व्याख्या दुसऱ्या कोणत्याही कवितेला चालली असती, तिथे लाल खूण.
- आठवा दिवस : फक्त लाल खुणांची उत्तरे पुन्हा लिहावीत.

परीक्षेत यादीतले नाव आठवलेच नाही, तरी स्पष्टीकरण कोरे सोडू नये. नदीला तहान लागली आहे, तहान सजीवाला लागते आणि त्यामुळे दुष्काळ अंगावर येतो, एवढे साध्या इंग्रजीत लिहिता येत असेल, तर कविता कळलेली आहे. नावासाठी फार तर एका गुणाचे नुकसान होईल.